मूळ डेव्हलपर उत्तरच देत नाही, मग ओपन सोर्स ॲपचं पॅकेज करायचं कसं?

मागच्या वर्षी आईला नवा फोन घेऊन दिला. अँड्रॉइड १४, मोठी स्क्रीन, दीड दिवस टिकणारी बॅटरी. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा कॉल आला, “अरे, माझं खाड्याचं ॲप आलंच नाही यात.”

आई कराडला डबे देते. पस्तीस-चाळीस गिऱ्हाईकं. कोणी कुठल्या दिवशी खाडा केला, कोणी ॲडव्हान्स दिला, कोणाचे मागचे बाकी आहेत, हे सगळं ती २०१९ पासून एका छोट्या ओपन सोर्स ॲपमध्ये लिहीत होती. ते ॲप मीच तिला गिटहबवरून एपीके डाउनलोड करून दिलं होतं. त्या ॲपची शेवटची आवृत्ती २०१७ ची. नव्या फोनमध्ये एपीके टाकली तर फोनने साफ नकार दिला: हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं आहे, इन्स्टॉल होणार नाही.

कारण सरळ आहे. प्रत्येक ॲप आपण अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनलोय हे एका आकड्यात सांगतं. त्याला टार्गेट एसडीके म्हणतात. अँड्रॉइड १४ ने २३ पेक्षा कमी आकड्याची ॲप्स इन्स्टॉल करणं बंद केलं, अँड्रॉइड १५ ने ती मर्यादा २४ वर नेली. २३ म्हणजे अँड्रॉइड ६, जिथून ‘कॅमेऱ्याची परवानगी द्यायची का’ असं विचारणं सुरू झालं. ते विचारणं टाळायचं म्हणून बरीच ॲप्स मुद्दाम २२ वरच अडून राहिली होती, त्यात खोडसाळ ॲप्सही होती. म्हणून हा बांध घातला. आईचं ॲप २२ वर होतं आणि खोडसाळ अजिबात नव्हतं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

कॉम्प्युटरला फोन जोडून एडीबीमधून हा अडथळा डावलता येतो, तशी एक कमांड आहे. तेवढं करून मला मोकळं होता आलं असतं. पण गिटहबवर त्या ॲपच्या इश्यू यादीत बघितलं तर माझ्यासारखी आणखी बरीच माणसं तेच विचारत होती, आणि एकालाही उत्तर नव्हतं. मूळ डेव्हलपर कुठल्या तरी दुसऱ्या देशातला, २०१८ नंतर गप्प. तेव्हा ठरवलं, हे नीट करायचं: ॲप नव्याने बांधायचं आणि एफ-ड्रॉइडसारख्या ठिकाणी टाकता येईल असं पॅकेज करायचं. या लेखात त्याच कामाची माहिती आहे. तुमच्या फोनमधलं एखादं आवडतं ॲप असंच बेवारस झालं असेल तर उपयोगी पडेल.

पॅकेज करणं म्हणजे काय

कोड लिहिणारा एक माणूस असतो, त्याला अपस्ट्रीम म्हणतात. पाणी जिथून येतं ती वरची बाजू. त्या कोडपासून इन्स्टॉल होईल अशी फाइल बनवून, सही करून, ती लोकांपर्यंत आणि पुढचे अपडेटही लोकांपर्यंत पोचवणारा तो पॅकेजर. प्ले स्टोअरवर बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकच माणूस करतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. लिनक्सच्या जगात मात्र ती वेगवेगळी असतात. डेबियनमध्ये हजारो पॅकेजेस आहेत आणि ती सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मूळ कोड लिहिलेला नसतो.

एफ-ड्रॉइडही त्याच पद्धतीने चालतं. २०१० पासून सुरू असलेलं हे ओपन सोर्स ॲप्सचं भांडार डेव्हलपरकडून तयार एपीके घेत नाही. ते सोर्स कोड घेतं, स्वतःच्या सर्व्हरवर बिल्ड करतं आणि साधारणपणे स्वतःच्या सहीने वाटतं. त्यासाठी प्रत्येक ॲपची एक छोटी मजकूर-फाइल असते: लायसन्स कुठलं, कोड कुठे आहे, कुठल्या कमिटपासून कुठली आवृत्ती बांधायची. ही फाइल कोणीही लिहून पाठवू शकतो, त्यासाठी मूळ डेव्हलपर असायची गरज नाही. फक्त, मूळ लेखकाला कळवलं आहे का आणि त्याचा विरोध नाही ना, हे तिथे विचारतात. आणि आमची गाडी इथेच अडते, कारण ज्याला कळवायचं तो बोलतच नाही.

आधी खरंच शोधा

‘उत्तर देत नाही’ असं म्हणण्याआधी आपण नीट विचारलंय का, हे बघायला हवं. एक इश्यू टाकून चार दिवसांनी “मेंटेनर मेला वाटतं” असं लिहिणारे खूप भेटतात. त्याचं बाळ लहान असेल, नोकरी बदलली असेल, आजारी असेल. त्याने कोड फुकट दिला म्हणजे आपल्याला उत्तर द्यायचा करार केला, असं होत नाही.

मी आधी इश्यू टाकला. मग कमिटमध्ये दिसणाऱ्या इमेलवर लिहिलं. ती मेल परत आली नाही, म्हणजे पत्ता निदान जिवंत असावा. त्याच्या प्रोफाइलवर दुसरे प्रोजेक्ट आहेत का, तिथे अलीकडे काही हालचाल आहे का ते पाहिलं. नव्हती. पत्रात तक्रार लिहिली नाही. साधारण असं लिहिलं: तुमचं ॲप माझी आई सहा वर्षं रोज वापरते, त्याबद्दल आभार. ते नव्या अँड्रॉइडवर चालत नाही. मी दुरुस्ती केली तर तुम्ही ती घ्याल का? वेळ नसेल तर मी वेगळ्या नावाने पुढे नेलं तर चालेल का? अमुक तारखेपर्यंत काही कळलं नाही तर मी वेगळ्या नावाने सुरू करेन, तुमचं श्रेय जागच्या जागी राहील.

तारीख लिहिणं महत्त्वाचं आहे. नाहीतर वाट बघणं संपत नाही.

किती थांबायचं? मोठ्या संस्थांनी हे ठरवून टाकलंय. डेबियनमध्ये कोणी पॅकेजकडे दुर्लक्ष करत असेल तर दुसरा माणूस ‘मी हे वाचवू इच्छितो’ अशी जाहीर नोंद करतो, २१ दिवस आक्षेपाची वाट बघतो, आणि नंतरही अपलोड निदान ७ दिवस रांगेत ठेवतो, म्हणजे मूळ माणसाला अजूनही अडवता येतं. पायथनच्या पॅकेज भांडारात सोडून दिलेलं नाव दुसऱ्याला द्यायचं तर जुन्या मालकाला पुन्हा पुन्हा संपर्क करून सहा आठवडे थांबतात. मी तोच आकडा घेतला, सहा आठवडे. आई मधल्या काळात जुना फोन चार्जरला लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची आणि त्यातच खाडे लिहायची. त्या फोनची स्क्रीन एका कोपऱ्यात काळी पडत चालली होती, त्यामुळे हे सहा आठवडे मला फारच लांब वाटले.

लायसन्स नसेल तर थांबा

कोड गिटहबवर दिसतो म्हणजे तो ओपन सोर्स, असा मोठा गैरसमज आहे. रेपोमध्ये लायसन्सची फाइल नसेल तर कायद्याने सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. तुम्ही वाचू शकता, पण बदलून वाटू शकत नाही. मूळ माणूस गप्प असताना लायसन्स नसेल तर रस्ता बंदच आहे. तेच काम करणारं ॲप नव्याने लिहा, एवढंच उरतं.

लायसन्स असेल तर त्याचं मौन आड येत नाही, कारण परवानगी त्याने आधीच लिहून ठेवलेली आहे. एमआयटी लायसन्समध्ये त्याची कॉपीराइटची ओळ जपावी लागते. जीपीएल ३ मध्ये आपण बदल केलाय हे तारखेसह ठळकपणे सांगावं लागतं, आणि आपला बदललेला कोडही त्याच लायसन्सखाली उघडा ठेवावा लागतो. आमच्या ॲपला जीपीएल ३ होतं, नशीब.

कोडचं लायसन्स म्हणजे नावाचं आणि लोगोचं लायसन्स नव्हे, हेही लक्षात असू द्या. याच भांडणामुळे डेबियनमध्ये फायरफॉक्स २००६ पासून २०१६ पर्यंत ‘आइसवीझल’ या नावाने मिळत होतं.

खरा घाम बिल्डमध्ये

कोड डाउनलोड केला, बिल्डचं बटण दाबलं, आणि लाल अक्षरांची भिंत समोर आली. कोड जसाच्या तसा असला तरी त्याच्या आजूबाजूचं जग सात वर्षं पुढे गेलेलं असतं.

पहिली चूक जेसेंटरची. जुनी अँड्रॉइड ॲप्स आपल्या लायब्ररी जेसेंटर नावाच्या कोठारातून आणायची. ते बंद करत असल्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. २०१७ च्या जवळपास प्रत्येक ॲपच्या बिल्ड फाइलमध्ये हे नाव सापडेल. त्या जागी मेव्हन सेंट्रल आणि गूगलचं कोठार लिहायचं आणि मग एकेक लायब्ररी तिथे मिळते का ते शोधायचं. माझ्या नऊपैकी दोन मिळाल्या नाहीत. एक तारखा दाखवायची होती, ती सरळ काढून अँड्रॉइडचंच कॅलेंडर वापरलं. दुसरीचा कोड शोधून ॲपमध्येच घेतला, तिचं लायसन्स तपासून.

मग जावा. जुनं ग्रेडल नव्या जावावर चालत नाही, आणि अँड्रॉइडचं नवं बिल्ड प्लगइन जावा १७ च्या खाली चालत नाही. एकदम जुन्यातून नव्यात उडी मारलीत तर चुका इतक्या येतात की कुठली कशामुळे आली ते कळत नाही. टप्प्याटप्प्याने वर चढा, प्रत्येक टप्प्यावर ॲप उघडून बघा आणि मगच कमिट करा. मी पहिल्यांदा उडी मारली होती. एक अख्खा शनिवार गेला.

त्यानंतर टार्गेट एसडीके २२ वरून ३४ वर. इथे प्रत्येक अँड्रॉइड आवृत्तीचा एकेक नियम रांगेने भेटतो. टार्गेट ३१ पासून, बाहेरून उघडता येणाऱ्या प्रत्येक भागाबद्दल ‘एक्स्पोर्टेड’ हो की नाही ते स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर इन्स्टॉलच होत नाही. त्याच आवृत्तीपासून पेंडिंग इंटेंट बदलता येणारा की न बदलणारा, हे सांगावं लागतं, नाहीतर ॲप बंद पडतं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते. आईच्या ॲपमध्ये रात्री साडेआठला ‘आजचे खाडे लिहा’ अशी आठवण यायची. ती ठरल्या मिनिटाला वाजायची तर अँड्रॉइड १४ वर त्याचीही वेगळी परवानगी, जी नव्या ॲपला आपोआप मिळत नाही. मी ठरल्या मिनिटाचा हट्ट सोडला. साडेआठच्या आसपास वाजली तरी चालतं, डबे काही पळून जात नाहीत.

एफ-ड्रॉइडसाठी आणखी एक चाळण असते. रेपोमध्ये कोणी आधीच बांधून टाकलेल्या फाइल्स असतील, किंवा फायरबेस आणि गूगल प्ले सर्व्हिसेससारख्या बंद लायब्ररी असतील, तर त्यांचा स्कॅनर अडवतो. आमच्या ॲपमध्ये क्रॅशचा अहवाल पाठवणारी अशी एक बंद लायब्ररी होती. काढली.

सही, नाव आणि अडकलेला डेटा

वापरणाऱ्यांनी सगळ्यात नीट समजून घ्यावा असा भाग हा आहे.

प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर डेव्हलपरच्या खासगी किल्लीने केलेली डिजिटल सही असते. अपडेट आलं की फोन बघतो, ॲपची आयडी तीच आणि सहीही तीच आहे का? आयडी तीच पण सही वेगळी असेल तर फोन अपडेट नाकारतो. हे बरोबरच आहे, नाहीतर तुमच्या बँकेच्या ॲपचं ‘अपडेट’ कोणीही पाठवलं असतं. ती किल्ली फक्त मूळ डेव्हलपरकडे असते. तो गप्प झाला की किल्लीही गेली. गिटहबवरून घेतलेल्या ॲपवर बऱ्याचदा एफ-ड्रॉइडवरचं अपडेट बसत नाही, तेही सही वेगळी असल्यामुळेच.

म्हणून पुढे नेणाऱ्याला आयडी बदलूनच ॲप काढावं लागतं. फोनच्या दृष्टीने ते पूर्ण नवं, अनोळखी ॲप असतं आणि जुन्या ॲपचा डेटा त्याला दिसत नाही. आईची सहा वर्षांची खातेवही जुन्या आयडीच्या कपाटात बंद होती, आणि त्या ॲपमध्ये ‘एक्स्पोर्ट’ नावाचं बटणच नव्हतं.

वाचवलं ते एडीबी बॅकअपने. जुन्या फोनवर अँड्रॉइड ८ होतं आणि ॲपने बॅकअपला मनाई केलेली नव्हती. फोन कॉम्प्युटरला जोडून त्या एका ॲपचा बॅकअप घेतला, पासवर्ड न टाकता. येणारी फाइल विचित्र दिसते, पण ती सुरुवातीची २४ बाइट सोडली तर दाबून बसवलेली एक टार फाइलच असते. ती उघडली की आत ॲपचं एसक्यूलाइट डेटाबेस मिळतं. मी नव्या ॲपमध्ये ‘फाइलमधून आणा’ असं बटण लिहिलं, आणि त्याच्या शेजारी ‘फाइलमध्ये काढा’ हेही. टार्गेट ३१ आणि पुढच्या ॲप्सचा डेटा एडीबी बॅकअपमध्ये येत नाही, त्यामुळे ही वाट पुढच्या वेळी उपलब्ध नसेल.

तुमच्या फोनमध्ये असं एखादं छोटं ॲप असेल ज्यात वर्षांचा हिशोब, डायरी, औषधांच्या नोंदी आहेत, तर आज त्यात एक्स्पोर्ट शोधा. सापडलं तर फाइल काढून दुसरीकडे ठेवा. नसेल तर ते ॲप जिवंत असेपर्यंतच दुसरीकडे हलवा.

मोठ्या प्रोजेक्टांचं काय होतं

हे काही छोट्याच ॲप्सच्या नशिबी येत नाही. यूट्यूब-डीएल हे गाजलेलं साधन २०२१ मध्ये रेंगाळलं, आणि त्याच्याच कोडवरून वायटी-डीएलपी पुढे आलं. डेबियन १२ मध्ये तुम्ही जुन्या नावाने मागितलंत तरी हातात नवंच पडतं. वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही. पॅकेजरने केलेलं हे चांगलं काम आहे. सिंकथिंगच्या अधिकृत अँड्रॉइड ॲपची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२४ ची, पण तिथे मेंटेनरने आधी जाहीर सांगितलं आणि लोकांना दुसऱ्या फोर्ककडे जायला वेळ मिळाला. २०२३ च्या शेवटी सिंपल मोबाइल टूल्सची ॲप्स एका कंपनीला विकली गेली, तेव्हा जुना मोकळा कोड घेऊन फॉसिफाय उभं राहिलं. तिथे मालक गप्प नव्हता, त्याने दुकानच विकलं होतं. वापरणाऱ्याची पंचाईत मात्र तीच.

सगळ्यात धोक्याची वाट

तुम्हाला वाटेल, वेगळं नाव, वेगळी आयडी, डेटाची हलवाहलव, एवढा खटाटोप कशाला? मेंटेनरच्या मागे लागून त्याच्याकडून किल्लीच घ्यावी ना. मलाही वाटलं होतं. पण या वाटेने काय होऊ शकतं ते पाहा.

२०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या थकलेल्या लेखकाने, मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला ती देऊन टाकली. त्या माणसाने तिच्यात आणखी एक पॅकेज जोडलं, ज्यात कोपे नावाच्या वॉलेटमधून बिटकॉइन चोरणारा कोड होता.

एक्सझेडचा किस्सा याहून भारी. फाइल दाबून लहान करणारं हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि अनेक वर्षं एकच माणूस, लासे कोलिन, ते फावल्या वेळात सांभाळत होता. काही अनोळखी खात्यांनी त्याच्यावर दबाव आणला: तू काम करत नाहीस, दुसऱ्याला दे. तो दुसरा, ‘जिआ तान’ नावाचा, दोन वर्षं शहाण्यासारखं काम करत विश्वास मिळवत राहिला. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने मागचं दार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने खणून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तोवर ते मोठ्या वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांत पोचलं होतं.

पॅकेजरने यातून घेण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे. त्या दाराचा एक महत्त्वाचा तुकडा गिटमधल्या कोडमध्ये नव्हताच. तो फक्त रिलीज म्हणून वाटलेल्या टार फाइलमध्ये होता. म्हणून बांधायचं तर गिटमधल्या कमिटपासून बांधा, कोणीतरी तयार करून दिलेल्या गाठोड्यापासून नको.

हे वाचल्यावर मी माझी जुनी मेल पुन्हा उघडून पाहिली. किल्ली मागितली नव्हती, याचं बरं वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर अनोळखी माणसाला दिलीही नसती. आयडी बदलली की प्रत्येक वापरणारा स्वतः ठरवून नव्या ॲपकडे येतो, झोपेत त्याचा मालक बदलत नाही.

आता आईचं ॲप नव्या नावाने चालू आहे. ‘माहिती’च्या पानावर पहिलं नाव मूळ डेव्हलपरचं, खाली माझं, आणि बदल कधी सुरू केले ती तारीख. जुन्या इश्यूंच्या खाली मी नव्या ठिकाणाची लिंक फक्त एकदाच टाकली. सहीच्या किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर ताईकडे आहे, आणि बिल्ड कसं करायचं ते रेपोत लिहून ठेवलंय, कारण उद्या मीही गप्प होऊ शकतो.

डेटा आणल्यावर आईने आधी एका गिऱ्हाइकाचा मार्च उघडला. त्याच्याशी तिचा दोन खाड्यांवरून वाद चालू होता. नोंद बघून म्हणाली, “दोनच आहेत. तो तीन म्हणतोय.” आणि लगेच त्याला फोन लावला.